न सांगितलेली माणसे : भारतीय जनगणनेतील गळती

जनगणनेत माणूस दोन प्रकारे हरवतो. एक तर तो मोजलाच जात नाही. नाहीतर मोजला जातो, पण त्याच्याविषयीच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भारतात या दोन्ही गोष्टी पहिल्या खानेसुमारीपासून घडत आल्या आहेत. त्यांची कारणे मात्र काळानुसार बदलत गेली.

1872 ची ही पहिली खानेसुमारी सगळीकडे एकाच दिवशी झाली नव्हती आणि सर्व प्रदेशही तिच्यात आले नव्हते. सरकारी माणूस दारात येऊन घरातली डोकी मोजतो, याचा अर्थ नवा कर बसणार किंवा तरुणांना पलटणीत ओढणार, असाच अनेकांनी लावला. 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री प्रथमच देशभर एकाच वेळी मोजणी झाली. त्याही वेळी संथाळ परगण्यात तिला विरोध झाला.

आकड्यांवर अधिक खोल परिणाम झाला तो घराच्या अब्रूच्या कल्पनेचा. उत्तर भारतातील अनेक घरांत बायकांची, विशेषतः लग्नाच्या वयाला आलेल्या मुलींची माहिती परक्याला सांगण्याची तयारी नव्हती. त्यामुळे त्या वयोगटातील मुलींचे आकडे तक्त्यांत कमी दिसत. याच प्रदेशांतल्या काही घराण्यांत बालिकाहत्येची चाल होती आणि ती रोखण्यासाठी 1870 मध्ये कायदाही झाला होता. मग तक्त्यात नसलेली मुलगी मारली गेली होती, की नुसतीच सांगितली गेली नव्हती? आकड्यांवरून हे ओळखण्याचा मार्ग नव्हता. उत्तर न मिळाल्याने होणारे खरे नुकसान इथे दिसते. एकूण बेरीज थोडी चुकली तर सावरता येते; पण एकाच प्रकारची माणसे गळाली, तर जिवंत मुलींची आणि मृत मुलींची पोकळी कागदावर सारखीच दिसते.

1931 मध्ये मौन हेच राजकीय साधन झाले. सविनय कायदेभंग चालू होता आणि 11 जानेवारी 1931 हा रविवार काँग्रेसने जनगणना बहिष्काराचा दिवस म्हणून पाळला. मोजणीची रात्र 26 फेब्रुवारीची होती, तर चळवळ थांबवणारा गांधी-आयर्विन करार झाला 5 मार्चला. म्हणजे अवघ्या आठवड्याचा फरक पडला. जनगणना आयुक्त जे. एच. हटन यांच्या हाताखालचे प्रगणक बहुतांशी बिनपगारी होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करून त्यांना दारोदार फिरावे लागले. बहिष्काराचा जोर मुंबई इलाख्यात गुजरातेत, त्यातही अहमदाबादेत जास्त होता. घरमालक बोलत नसेल, तर प्रगणकाला शेजाऱ्याला विचारून किंवा अंदाजाने रकाने भरावे लागतात. अशाने डोक्यांची संख्या बरीचशी जमते, पण वय, शिक्षण, व्यवसाय यांचे रकाने कच्चे राहतात. बारडोलीकडचे पुष्कळ शेतकरी तेव्हा हिजरत करून, म्हणजे निषेध म्हणून गाव सोडून, बडोदा संस्थानात गेले होते. माणूस त्या रात्री जिथे असेल तिथे मोजला जाई, त्यामुळे अशा स्थलांतराने गावांचे आकडेही हलत.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या जनगणना कायद्याने उत्तर देणे बंधनकारक केले, आणि तरीही लोकांच्या संकोचाचा मान राखला. घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कुणावर नाही. पतीचे किंवा रूढीने उच्चारायचे नाही असे कुणाचेही नाव घेण्याची सक्ती स्त्रीवर नाही. वैयक्तिक नोंदी कुणाला पाहता येत नाहीत, त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांची भीती दंडाने नव्हे तर गुप्ततेने घालवायची, हे या कायद्यातले शहाणपण आहे. काही ठिकाणी मात्र कायद्याचाही उपयोग झाला नाही. अशांततेमुळे 1981 मध्ये आसामात आणि 1991 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये गणनाच झाली नाही. त्या वर्षांचे आकडे आधीच्या आणि नंतरच्या गणनांवरून काढावे लागले.

गळती मोजण्यासाठी गणनेनंतर निवडक भागांत पुन्हा स्वतंत्र पाहणी केली जाते आणि दोन्ही याद्या माणसागणिक ताडून पाहतात. 2001 आणि 2011 या दोन्ही गणनांत निव्वळ गळती हजारी 23 निघाली. 2011 च्या 121 कोटींच्या हिशेबात ती सुमारे 2 कोटी 80 लाख माणसे होतात. शहरांतली गळती खेड्यांपेक्षा जास्त असते, कारण तिथे कुलूप लावून कामावर जाणारी, भाड्याने राहणारी आणि नुकतीच आलेली माणसे अधिक असतात. तान्ही मुले तर घरच्यांच्याच सांगण्यातून सुटतात. दोन्ही वेळा जो सापडला नाही, तो या पाहणीतही दिसत नाही.

मोजल्या गेलेल्या माणसांची उत्तरेही पुरी नसतात. धर्म न सांगणारे 2001 मध्ये सुमारे 7 लाख 27 हजार होते. 2011 मध्ये ते 28 लाख 67 हजारांवर गेले. एकूण लोकसंख्येत हा वाटा पाव टक्क्याच्या आतच आहे, पण दहा वर्षांत अशा लोकांची संख्या जवळजवळ चौपट झाली, ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी नाही. 2011 मध्येच सुमारे 45 लाख लोकांचे वय नोंदले गेले नाही.

गणनेनंतरच्या पाहणीतून निघालेली गळती प्रकाशित लोकसंख्येत मिळवली जात नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्याच्या लाभार्थ्यांची राज्यवार संख्या 2011 च्या याच प्रकाशित आकड्यांवरून ठरली.