फळमाशी : आक्रमक कोण?

१/४ मे २०१४. युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. कारण, मालात वारंवार सापडणारी फळमाशी.

२/४ तिची प्रमुख जात लातूर-नांदेडच्या आंबा-पेरूच्या बागांना नवी नाही. ती फळात अंडी घालते, अळ्या गर पोखरतात, फळ गळते. २००३ मध्ये ती केनियात आढळली. नवी जात समजून शास्त्रज्ञांनी तिला ‘इन्व्हेडन्स’, म्हणजे आक्रमक, हे नाव दिले. २०१५ मध्ये निष्पन्न झाले : ही तर आशियातली जुनी ‘डॉर्सालिस’च!

३/४ धोका मोजताना विचारतात : माशी पोहोचेल का, टिकेल का, नुकसान किती करील? हे प्रश्न ती जिथे अजून पोहोचलेली नाही, त्या भूमीसाठी असतात.

४/४ तपासणी कडक झाली, २०१५ च्या आरंभी बंदी उठली. युरोपची बाग राखली गेली. गळलेली फळे वेचून पुरण्याचे कष्ट मात्र इथल्या शेतकऱ्याकडेच राहिले.