वाफसा आणि दुरुस्ती

पाऊस उघडला म्हणून शेतकरी लगेच औत धरत नाही. शेतात जाऊन तो मूठभर माती उचलतो, दाबून पाहतो. गोळा बांधला गेला आणि खाली टाकल्यावर फुटला, की म्हणतो, ‘वाफसा आला.’ मातीची ही पकड सूत्रात बांधताना इंग्लंडमध्ये काय घडले, ते मला सांगायचे आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझी ओळख बेताचीच. पण ही गोष्ट गणिताइतकीच माणसांचीही आहे.

कोरडी वाळू मुठीतून निसटते, पाण्यात बुडालेली वाळू वाहून जाते. थोडी ओल असली तरच तिचे कण एकमेकांना धरून राहतात. दोन कण जिथे टेकतात, त्या सांध्यात पाण्याचा बारीकसा पूल तयार होतो. त्याची कड आत वळलेली असते. त्यामुळे त्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि कण एकमेकांकडे ओढले जातात. वक्र पृष्ठभाग आणि दाब यांचे नाते थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये आणि लाप्लास यांनी १८०६ मध्ये उलगडले होते.

रोदॅमस्टेड ही १८४३ साली सुरू झालेली शेतीसंशोधन संस्था. तेथील डब्ल्यू. बी. हेन्स यांनी १९२५ साली सारख्या गोल कणांची ‘आदर्श माती’ कल्पून ही ओढ मोजण्याचे सूत्र दिले. पिकांच्या जुन्या नोंदी तपासण्यासाठी १९१९ साली नेमलेले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर त्याच संस्थेत होते. त्यांना सूत्रात उणीव दिसली. हेन्स यांनी दाबाची ओढ धरली होती; पण पुलाच्या कडेचा पृष्ठताणही कणांना खेचतो, तो हिशेबातून सुटला होता. १९२६ साली फिशर यांनी दुरुस्ती छापली आणि हेन्स यांचे नाव थेट शीर्षकातच घातले. दुरुस्त सूत्र सांगते, की टेकलेल्या दोन गोल कणांमधले पाणी जसजसे घटते, तसतशी पकड वाढते. अर्थात, पाणी पुरते सरले की पूलच उरत नाही.

सहकाऱ्याने अशी नाव घेऊन चूक दाखवली, तरी हेन्स यांनी विषय सोडला नाही. मातीतून पाणी निघून जाताना ते सावकाश न ओसरता एकेका पोकळीतून झटक्याने सुटते, हे त्यांनी १९३० साली मांडले. त्या झटक्याला आजही ‘हेन्स उडी’ म्हणतात.

गझलेच्या परंपरेत उस्तादाला शेर दाखवून इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, घेतात. माझी ओळ पहिल्यांदा कापली गेली, तेव्हा मी महिनाभर वही उघडली नव्हती. हेन्स यांची गोष्ट तेव्हा ठाऊक असती, तर कदाचित दुसऱ्याच दिवशी उघडली असती.