चाबूक कुणावर?

वंशावरच्या विनोदाची मर्यादा म्हटली की लोक अमेरिकेकडे बघतात. पुसदच्या श्रोत्यांना इतक्या लांब कशाला न्यायचं? आपल्याकडे तो प्रश्न जातीचा आहे. 1949 साली शंकर यांनी व्यंगचित्र काढलं: संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. टोमणा होता घटनेला लागणाऱ्या वेळेवर. पुढे हेच चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर, त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती चूकच. पण चित्र पुन्हा बघा बरं. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर, ते नक्की कळत नाही. ज्याच्या आजोबांनी खरा मार खाल्लाय, त्या मुलाला वर्गात तो गोगलगायीवरचाच वाटेल, हे आपण कशाच्या भरवशावर धरलं?