उमेदवारांचा मोबाइल प्रचार : नियम काय सांगतात?

निवडणूक लागली की बेळगाव असो की चंदगड, भिंतींच्या आधी मोबाइल रंगतात. रील्स, फेसबुक लाइव्ह, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रेकॉर्ड केलेले फोन, सगळं सुरू होतं. पण हे मोकळं रान नाही.

निवडणूक आयोगाच्या २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनुसार उमेदवाराला अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात (नमुना २६) आपली सोशल मीडिया खाती सांगावी लागतात. स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या साध्या पोस्टला परवानगी लागत नाही. पैसे मोजून जाहिरात केली, तर ती आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्यासाठी किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो.

जाहिरातीचे पैसे, मजकूर-व्हिडिओ बनवण्याचा खर्च, खाती सांभाळणाऱ्या पोरांचा पगार, हे सगळं उमेदवाराच्या खर्चात धरलं जातं. २०२२ पासून विधानसभेची खर्चमर्यादा कर्नाटक-महाराष्ट्रात ४० लाख, तर गोव्यात २८ लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय चुकवला, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

बनावट व्हिडिओ लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी तो तीन तासांत काढावा, असं आयोगाने मे २०२४ मध्ये बजावलं.

आचारसंहिता मोडताना दिसली, तर मतदाराला सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते. नाव गुप्त ठेवायचीही सोय आहे. म्हणजे ज्या मोबाइलवर प्रचार येतो, त्याच मोबाइलवरून त्याला लगामही घालता येतो.