चाक थांबले म्हणजे गाडी थांबते का?

मृगाच्या पहिल्या सरीनंतर डांबरी रस्ता कसा होतो, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. उन्हाळाभर साचलेली धूळ, तेल आणि झिजलेले रबर यांचा चिकट राडा होतो. अशा रस्त्यावर समोर एकाएकी म्हैस आडवी आली, तर गाडी चालविणारा काय करील? सारा जोर लावून ब्रेक दाबील. चाके जागच्या जागी अडकतील. गाडी मात्र घसरत पुढे जातच राहील. बरे, अशा वेळी स्टिअरिंग फिरवून म्हैस चुकवावी म्हटले, तर तेही साधत नाही. गाडीला दिशा देते ते फिरणारे चाक. अडकलेले चाक म्हणजे रस्त्यावरून फरफटणारा रबराचा ठोकळा. तो कोणीकडेही वळवा, गाडी आपली नाकासमोर जाते.

जुन्या ड्रायव्हरांना हे अनुभवाने माहीत होते. म्हणून ते शिकाऊ पोराला सांगत, ‘ब्रेकवर उभा राहू नकोस. दाब, सोड, पुन्हा दाब.’ हा सल्ला अगदी बरोबर होता. अडचण एवढीच, की घाबरलेल्या माणसाच्या पायाला सेकंदात दोन-तीन वेळांपलीकडे ते जमत नाही. पुष्कळांना तर एकदाही सुचत नाही.

पायाचे हे काम यंत्राकडे प्रथम सोपविले गेले ते विमानात. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने जड झाली, वेगाने उतरू लागली. उंचावर बसलेल्या वैमानिकाला खाली चाक अडकले हे कळत नसे. कळेपर्यंत टायर फुटलेला असे. इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘मॅक्सारेट’ नावाचे उपकरण यावर काढले. त्याची युक्ती मोठी साधी होती. विमानाच्या चाकाबरोबर एक लहान, वजनदार चक्र फिरत राही. मोठे चाक एकदम अडू लागले, की लहान चक्र आपल्याच गतीने पुढे धावे, आणि त्या दोहोंतल्या फरकाने एक झडप उघडून ब्रेकचा दाब क्षणभर सुटे. चाक फिरू लागले, की दाब पुन्हा लागे. वीज नाही, तारा नाहीत! कुंभाराच्या चाकाची काठी काढली तरी ते फिरत राहते ना, तोच गुण येथे कामी आणला होता.

आता आपल्या ओळखीच्या एका गाडीकडे येऊ. 1958 साली इंग्लंडच्या रस्ता-संशोधन प्रयोगशाळेने रॉयल एन्फील्डच्या एका मोटारसायकलवर हेच मॅक्सारेट बसवून पाहिले. निसरड्या रस्त्यावर काही चाचण्यांत थांबण्याचे अंतर 30 टक्क्यांपर्यंत घटले. मोटारसायकल घसरली की माणूस पडतोच. तेव्हा हा लाभ साधा नव्हता. पण कंपनीच्या तंत्रप्रमुखांना त्यात भवितव्य दिसले नाही आणि प्रकरण तेथेच मिटले. याच एन्फील्डची बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली होती. आपल्याकडे 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना असा ब्रेक सक्तीचा झाला तो नव्या नमुन्यांसाठी 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीच्या नमुन्यांसाठी 1 एप्रिल 2019 पासून. सिद्ध झालेली गोष्ट रस्त्यावर यायला मधे 60 वर्षे गेली. तेवढ्यात किती माणसे घसरून पडली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

मोटारीचे नशीब थोडे बरे. ट्रॅक्टरच्या मागची नांगर उचलणारी लिफ्ट ज्यांच्यामुळे घरोघर पोचली, त्या हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीने चारही चाकांना जोर देणारी रचना बनविली होती. ती आणि मॅक्सारेट मिळून 1966 साली ‘जेन्सन एफएफ’ ही मोटार निघाली. ती इतकी महाग, की तीनशेवीसच्या आसपासच बनल्या. पुढे 1978 साली बॉश आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांनी लहान चक्राऐवजी विजेचे संवेदक बसविले आणि ‘एबीएस’ हे नाव रूढ झाले. चाकाची गती एकदा मोजता आली, की पुढचे ओघानेच येते. चिखलात एकच चाक गरगरू लागले, तर त्यालाच ब्रेक लावता येतो. वळणावर गाडी भिरकावू लागली, तर एखादेच चाक धरून ती सावरता येते. ही शेवटची सोय 1995 साली आली. 1997 मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने, आडव्या आलेल्या थोराड हरणाला चुकवावे तशी मर्सिडीजची छोटी मोटार वळवून पाहिली, तेव्हा ती उलटली. कंपनीची नाचक्की झाली, आणि मग तीच सोय त्या छोट्या मोटारीत सरसकट बसविण्यात आली.

पण म्युनिकचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. 1980 नंतर तेथे एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस लावले, काहींना नाही. अपघात कमी झाले नाहीत. एबीएसवाले वळणे जोरात घेऊ लागले, पुढच्या गाडीला चिकटून जाऊ लागले.

तेव्हा असा ब्रेक कसा वापरावा? संकटाच्या वेळी पुरा दाबावा आणि दाबूनच ठेवावा, नजर व स्टिअरिंग मोकळ्या वाटेकडे न्यावे. पायाखाली थरथर होईल, खडखड ऐकू येईल. घाबरून पाय उचलू नये. यंत्र सेकंदात दहा-पंधरा वेळा दाब-सोड करीत असते, त्याचाच तो आवाज. जुन्या सवयीने आपणही दाब-सोड केलीत, तर त्याच्या कामात उलट अडथळा होईल. सुट्या खडीवर मात्र गाडी एखादे वेळी जास्त लांब जाऊन थांबते, कारण अडकलेल्या चाकापुढे खडीचा जो ढीग साचतो तो येथे साचत नाही. पुष्कळ मोटारसायकलींत एबीएस पुढच्या चाकालाच असते, मागचे चाक अडकू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. शेतातल्या चिखलात चाक रुतले आणि यंत्र इंजिनाचा जोरच कमी करू लागले, तर चाक सावरणारी सोय बटणाने तेवढ्यापुरती बंद करावी.

आणि किल्ली फिरविताच एबीएसचा पिवळा दिवा लागून विझतो की नाही, ते रोज पाहावे. मोटारीचा दिवा गाडी धावू लागण्याआधीच जातो, मोटारसायकलचा बहुधा थोडी पुढे गेल्यावर. गाडी चालू लागूनही तो तसाच राहिला, तर साधा ब्रेक लागेल, पण चाक अडकण्यापासून वाचविणारे यंत्र बंद आहे. मग मेकॅनिककडे पोचेपर्यंत सावकाश जावे, आणि ब्रेक जुन्या ड्रायव्हरांच्या रीतीने मारावा: दाब, सोड, पुन्हा दाब.