अजिंठ्याची चित्रं, जपानची आग आणि काचेच्या निगेटिव्ह

२६ जानेवारी म्हटलं की आपल्याला झेंडावंदन आठवतं. जपानमध्ये त्या दिवशी जुन्या देवळांत आग विझवण्याच्या कवायती होतात. कारण २६ जानेवारी १९४९ ला नाराजवळच्या होर्युजी मंदिराच्या मुख्य मंडपाला आग लागली आणि साडेबाराशे वर्षांची भित्तिचित्रं करपली.

आता म्हणाल, बीडकरांना याचं काय? सांगतो.

अजिंठा आपल्या बीडसारखाच निजामाच्या राज्यात होता. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार कलकत्त्याला शिकवायला आला. तिथून १९१७-१८ मध्ये तो अजिंठ्याला पोचला. सोबत सावामुरा नावाचे अभ्यासक आणि आणखी चित्रकार. लेण्यांतल्या अंधारात बसून त्यांनी चित्रांच्या प्रती काढल्या. काम्पोला हे काम परकं वाटलं नसणार. खनिज रंग कुटायचे, सरसात कालवायचे, ही त्याच्या घरचीच पद्धत, आणि अजिंठ्याचे रंगही सुक्या गिलाव्यावर तसेच चिकटवलेले. पहिल्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर. जपानमध्ये त्यालाच कानोन म्हणतात. होर्युजीच्या भिंतीवरचा कानोन आणि आपला पद्मपाणी शेजारी ठेवून बघा, नातं सांगावं लागत नाही.

त्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या. १९२३ च्या भूकंपात जळाल्या.

अजिंठ्याच्या प्रतींचं नशीबच तसलं. रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनला जळाल्या. ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या पोरांकडून वर्षानुवर्षं काढून घेतलेल्या बऱ्याच प्रतीही १८८५ मध्ये लंडनलाच गेल्या. मूळ चित्रं मात्र इथं, वटवाघळांच्या सोबतीनं का होईना, टिकून राहिली!

काम्पोनं पुढं १९४० पासून होर्युजीच्याच प्रती काढायला घेतल्या. १९४५ मध्ये तो वारला, म्हणजे ती आग त्याला बघावी लागली नाही. पण १९३५ मध्येच क्योटोच्या बेनरिदो कंपनीच्या माणसांनी त्या भिंतींचे मोठ्या काचेच्या प्लेटांवर फोटो काढून ठेवले होते. त्यांच्याच आधारानं १९६७-६८ मध्ये चित्रं पुन्हा रंगवली गेली. आगीनंतर दीडच वर्षात, १९५० मध्ये, जपाननं वारसा जपण्याचा नवा कायदाही केला.

आपल्याकडं निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून अजिंठ्याचे फोटोंसह मोठे ग्रंथ काढले, हेही विसरायला नको.

माझं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी कंकालेश्वराचे चार रोल फोटो काढले होते. कुंडात पाणी, कठड्यावर पोरं, खांबांवरचं कोरीवकाम, सगळं. ऑफिस हलवताना निगेटिव्हचा डबा भंगारात गेला. चूक माझीच, पेटी बघून द्यायला पाहिजे होती. आता त्यातले दोन फोटो उरलेत, तेही वर्तमानपत्राच्या कात्रणातले, ठिपक्याठिपक्यांचे.

कुणाच्या घरी कंकालेश्वराचा, खंडोबाच्या दीपमाळांचा, धारूरच्या किल्ल्याचा जुना फोटो असेल तर मागच्या बाजूचं लिखाण दिसेल असा कमेंटमध्ये टाका. मूळ फोटो कुणाला देऊ नका, मलासुद्धा.