बीएमआय आणि 'सरासरी माणूस'

हेल्थ चेकअपमध्ये बीएमआय २७ आला की 'जाड्या' म्हणायला लोकांना जणू लायसन्सच मिळतं. हा आकडा आला कुठून?

बेल्जियमचा अ‍ॅडॉल्फ केटले डॉक्टर नव्हताच. खगोल आणि संख्याशास्त्रवाला. १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना त्याला दिसलं, की मोठ्यांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. १९९८ साली अमेरिकेने 'ओव्हरवेट'ची मर्यादा २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक रातोरात जाड ठरले, ग्रॅमभरही न वाढता!

डॉक्टरांना तपासणीची खूण म्हणून तो आकडा ठीक आहे. पण टोमण्यांपायी डबा एकट्याने खाणारे, ग्रुप फोटो टाळणारे मित्र मी पाहिलेत. समूहाच्या सूत्राने एका माणसाची लायकी काढू नये, इतकंच.